कॉइलओव्हर घेऊ की नुसते शॉकॲब्सॉर्बर?

प्रश्न : काका, माझी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय सत्तर हजार किलोमीटर चाललीय. घर खानापूरला, नोकरी उद्यमबागेत, सुट्टीला चोर्ल्यावरून गोवा. हल्ली वळणावर गाडी डोलते, खड्ड्यातून मागची बाजू उसळते. मित्र म्हणतो, कॉइलओव्हर घालून दोन इंच खाली बसव. एक किट स्वस्तात मिळतंय. घेऊ का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ते किट नको, आणि दोन इंच तर मुळीच नको. कॉइलओव्हर म्हणजे शॉकॲब्सॉर्बरवरच चढवलेली स्प्रिंग, आट्यांवरची रिंग फिरवून उंची कमीजास्त करता येणारी.

आधी गाडी रॅम्पवर घे. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याखाली तेलानं ओली झालेली धूळ चिकटलीय का बघ. टायरवरून तळहात फिरव; रबर उंचसखल लागलं तर चाक रस्ता सोडून नाचत होतं असं समज. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा; त्याचे रबरी बुश, लिंक रॉड, स्ट्रटचं वरचं माउंटिंग हेही मिस्त्रीला हलवून बघायला सांग. जांबोटीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत हीच मंडळी आधी जातात. ती तशीच ठेवून वर लाखाचं किट चढवणाऱ्यांना मी गिऱ्हाईक म्हणून नमस्कार करतो, पण सल्ला देत नाही.

स्प्रिंग वजन पेलते; दाबल्यावर तिचं परत उसळणं आवरतो तो शॉकॲब्सॉर्बर. तुझी तक्रार सरळ त्याचीच दिसते. म्हणून मूळ स्प्रिंग ठेव आणि चांगले मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे शॉकॲब्सॉर्बर घाल. त्यात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, दोन्ही मिसळत नाहीत. साध्या ट्विन ट्यूबमध्ये, म्हणजे नळीत नळी असलेल्यात, कणकुंबीकडच्या सलग खड्ड्यांत तेल तापून फेसाळतं आणि नेमकी घाटाच्या वळणावर पकड ढिली होते. बिल्स्टाइन या शॉकॲब्सॉर्बर कंपनीच्या यादीत बी-४ मूळच्यासारखा, बी-६ मूळ उंचीसाठीचा ताठ मोनोट्यूब. बी-८ आखूड आहे, तो खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी. दुकानदारानं 'बी-६ आणि बी-८ सारखेच' म्हटलं तर दुसरं दुकान बघ.

आता ते दोन इंच. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबावर. गाडी फार खाली घेतली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर चढतं आणि ज्या केंद्राभोवती गाडी झुकते ते केंद्र गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातं. त्या दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे झुकवणारा जोर उलट वाढतो. मग तो लपवायला पाच-सहा किलो प्रति मिलिमीटरच्या कडक स्प्रिंग. चाकाला वर जायला जागा कमी उरते, आणि आपल्याकडच्या प्रत्येक हंपवर गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी तुकड्यावर आदळते. मागे तर पोलोला ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई. तिथं स्प्रिंग वेगळी, शॉकॲब्सॉर्बर वेगळा. त्यामुळे किट घेतलंस तरी खरा कॉइलओव्हर पुढेच लागतो, मागे स्प्रिंगखाली फक्त आट्यांची बैठक येते. स्वस्त किटवरची ताठपणा बदलायची ३२ क्लिकची घुंडी फिरवायला मजा येते एवढंच. एकाच घुंडीनं दाब आणि उसळी दोन्ही नीट लागत नाहीत. शिवाय खानापूरचा पाऊस आणि लाल चिखल त्या आट्यांत बसला की रिंग पान्यानंही हलत नाही.

कोइमतूरच्या कारी रेसिंग ट्रॅकवर नियमित जाणार असशील, तर गोष्ट वेगळी. मग दुरुस्तीचे सुटे भाग मिळणाऱ्या कंपनीचंच किट घे.

बसवताना चारही एकदम बदल, माउंटिंग आणि बंप स्टॉप नवे घाल. एक गोष्ट मिस्त्रीजवळ उभं राहून करून घे : रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लोंबत्या चाकांवर आवळले की बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मग अलाइनमेंट.

प्रश्न : स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली केलेली चालते का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबलं तर स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. कायद्याचं म्हणाल, तर गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आधीच कापली असेल, तर दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग एकदम नव्या घाला.