समाजकार्याची पदवी आणि कर्जाचा हप्ता : बार्शीच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात आहे आणि तिला एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करायचे आहे. मुंबईच्या संस्थेत वसतिगृह धरून दोन वर्षांना चार लाख रुपये लागतील, तर सोलापूरच्या महाविद्यालयात राहण्याजेवणासह पावणेदोन लाखांत भागेल, असे आपण लिहिले आहे. ‘समाजसेवा करायला पदवी कशाला, आणि घातलेला पैसा निघणार कधी?’ हा आपला प्रश्न मला रास्त वाटतो. तो मुलीच्या ध्येयावर घेतलेला संशय आहे असे तिने मानू नये.

आधी शब्दाविषयी. आपण ‘समाजसेवा’ लिहिले आहे, मुलगी ‘समाजकार्य’ शिकायला निघाली आहे. सेवा माणूस आपल्या सवडीने व पदरमोड करून करतो. समाजकार्य हा पगारी व्यवसाय आहे, आणि त्याचे रीतसर शिक्षण आपल्याकडे 1936 साली मुंबईत, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या स्थापनेपासून सुरू झाले. मात्र वकील किंवा परिचारिकेप्रमाणे प्रत्येक समाजकार्यकर्त्याला सरसकट परिषदेकडे नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे स्वयंसेवी संस्था पदवी नसलेल्या उमेदवारालाही घेऊ शकते, आणि पगाराची घासाघीस करताना पदवीधराच्या हाती फारसे काही उरत नाही.

आता हिशेब. चार लाखांचे शैक्षणिक कर्ज, दर वर्षी दोन लाख उचलून, साडेदहा टक्के व्याजाने घेतले असे धरू. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज सुरूच असते. सरळव्याजानेही तोपर्यंत सुमारे 1 लाख 5 हजार रुपये चढतात. मग 5 लाख 5 हजारांची परतफेड सात वर्षांत करायची म्हटले, तर महिन्याचा हप्ता साडेआठ हजारांच्या घरात जातो. आपल्या शेजारच्या मुलीला एम.एस.डब्ल्यू. होऊन 20 हजार मिळतात असे आपण कळवले आहे, आणि माझ्या अनुभवात हा आकडा अपवादात्मक नाही. त्यातून हप्ता गेला की साडेअकरा हजारांत पुण्या-मुंबईत राहायचे, खायचे आणि वस्त्यावस्त्यांतून फिरायचे. (व्याजावर मिळणारी आयकर सवलत एवढ्या पगाराला निरुपयोगीच आहे, कारण मुळात करच बसत नाही.) पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा मोठा हप्ता घेऊ नये, असे मी या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि मुंबईचे कर्ज त्या मर्यादेच्या दुपटीहून वर जाते.

पगार कमी असण्यामागे संस्थाचालकांचा कंजूषपणाच असतो असे नाही. बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या निधीवर चालतात आणि निधी संपला की नोकरीही संपते. परदेशी देणग्यांतून प्रशासनावर पूर्वी 50 टक्क्यांपर्यंत खर्च करता येत असे. 2020 च्या कायदादुरुस्तीने ती मर्यादा 20 टक्क्यांवर आणली आणि संस्थांची ओढाताण वाढली. कंपनी कायदा 2013 मधील कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, त्यामुळे तिथे बऱ्या पगाराच्या जागा आहेत. पण तिथे एम.बी.ए. झालेल्यांशी गाठ असते आणि इंग्रजीत अहवाल लिहिता येणे गृहीतच धरलेले असते. मुंबईच्या शिक्षणाचा खरा फायदा इथेच, म्हणजे कॅम्पस मुलाखतींत आणि ओळखींत आहे.

पदवीला खरी किंमत येते ती कायद्याने किंवा सेवानियमांनी ती मागितलेल्या जागी. कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशक, बाल न्याय कायदा 2015 खालील परिवीक्षा अधिकारी (गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची चौकशी व देखरेख करणारा), शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), ही त्यांची उदाहरणे. यांतील कायम पदांना वेतन आयोगाची श्रेणी मिळते. पण जागा थोड्या निघतात, जाहिराती अनियमित असतात, आणि बालसंरक्षणाच्या कामात कंत्राटी नेमणुकाच जास्त दिसतात. तेव्हा भरती परीक्षेची वाट पाहत चार वर्षे घरी बसणे हाही एक खर्चच आहे, तोही हिशेबात धरावा.

आपल्या मुलीचा विषय मानसशास्त्र असल्यामुळे मला तिच्यासाठी वैद्यकीय व मनोचिकित्सा हे विशेषीकरण सर्वांत योग्य वाटते. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्या खाटांपर्यंत रुग्ण पोहोचवणे, त्याची कागदपत्रे तपासणे, नातेवाइकांना धीर देणे हे तिथल्या समाजकार्यकर्त्याचे रोजचे काम आहे. मनोरुग्णांबरोबर काम करायचे असेल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 मधील व्याख्येप्रमाणे मनोचिकित्सा समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायला एम.एस.डब्ल्यू.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. किंवा तशी मान्यताप्राप्त पात्रता लागते, हेही तिला आत्ताच माहीत असावे.

आणि यासाठी बार्शी सोडायचीही घाई नाही. आपल्या गावात नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, आणि 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम तिथून चालते. परीक्षा झाल्यावर दोन महिने मुलीने तिथे परवानगी मागून स्वयंसेवक म्हणून जावे. बार्शीबाहेरच्या खेड्यातून आलेल्या माणसाला केमोथेरपीची तारीख समजावताना तिला थकवा येतो की हुरूप, हे कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा लवकर कळेल.

माझा सल्ला सोलापूरचा आहे. तिथे विडी कामगारांच्या वस्त्या, यंत्रमाग आणि मोठे शासकीय रुग्णालय असल्यामुळे क्षेत्रकार्याला (अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाला) कमतरता नाही, आणि नोकरी देणारा शेवटी क्षेत्रकार्याबद्दलच खोदून विचारतो. वाचलेल्या सव्वादोन लाखांतून तिने शेवटची ब्लॉक प्लेसमेंट (एकाच संस्थेत सलग राहून केलेले प्रत्यक्ष काम) मुंबईच्या रुग्णालयात करावी आणि इंग्रजी लेखनाची शिकवणी लावावी. मुंबईत शिष्यवृत्तीने शुल्क व वसतिगृह दोन्ही भागत असतील, तर मात्र माझे मत बदलेल. तसे लेखी मिळाल्याशिवाय गृहीत धरू नका, कारण 2018 च्या फेब्रुवारीत टाटा संस्थेतील विद्यार्थ्यांनी संप केला तो याच सवलतींच्या प्रश्नावर.

सोलापूरला शुल्क भरण्यापूर्वी कार्यालयात तीन गोष्टी विचारा : आपल्या मुलीला हवे ते विशेषीकरण यंदा खरोखर चालू आहे का, क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च कोण देते, आणि मागील दोन तुकड्यांतील मुले आज कुठे, किती पगारावर आहेत. तिसऱ्याचे उत्तर कार्यालयातून टाळले गेले, तर त्याच मुलांपैकी दोघांना गाठून विचारा.

आपला,
करिअर मार्गदर्शक