गाडी फलाटावर नेमकी का थांबत नाही?

प्रश्न : ६ बाय ४ फुटांच्या प्लायवूडवर एचओ गेजच्या मॉडेल रेल्वेचा लेआउट केला आहे. आर्डुइनो मेगा या कंट्रोलर बोर्डवर डीसीसी-ईएक्स (रुळांतून इंजिनाला आज्ञा धाडणारं सॉफ्टवेअर) आहे, लॅपटॉपवर जेएमआरआय (गाड्या चालवायचा प्रोग्रॅम). गाडी स्टेशनात आपोआप थांबावी म्हणून २२ सेकंदांची वेळ लावली. पण ती कधी अलीकडेच थांबते, कधी फलाट सोडून पुढे जाते. इंजिन बिघडलं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इंजिन ठणठणीत आहे, ते उघडू नका. सुरुवातीला गार मोटर जड चालते, चार फेऱ्यांनंतर मोकळी होते आणि तेवढ्याच २२ सेकंदांत जास्त अंतर कापते. तुमचा कम्प्युटर रुळांतून निरोप धाडतो, पण गाडी कुठवर आली याची खबर त्याला कोणीच देत नाही. तेव्हा ती २२ सेकंदांची वेळ काढून टाका आणि रुळांचे ब्लॉक, म्हणजे विजेपुरते वेगळे केलेले तुकडे, करा.

फलाटाचा एक ब्लॉक आणि त्याच्या टोकाला वीतभर लांबीचा दुसरा. दोन्हींच्या हद्दीवर दोनपैकी एकच रूळ कापायचा. प्रत्येक ब्लॉकला वीज नेणारी तार करंट ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या कड्यातून ओवायची आणि डिटेक्टर मेगाच्या पिनला जोडायचा. जेएमआरआयमध्ये हे दोन सेन्सर होतात : पहिला लागला की वेग कमी, दुसरा लागला की थांबा.

कापलेली फट मात्र रिकामी सोडू नका. मी सोडली होती. मे महिन्यात गाडी एका ब्लॉकमध्ये असताना स्क्रीनवर दोन्ही भरलेले दिसू लागले. दोन संध्याकाळी तारा तपासण्यात गेल्या. शेवटी भिंग धरलं, तर उन्हाळ्यात रूळ वाढून त्याची टोकं एकमेकांना टेकलेली! आता मी फटीत प्लॅस्टिकचा तुकडा फेविक्विकने बसवतो आणि कानशीने घासून रुळाच्या आकाराचा करतो.

दुसरं म्हणजे, डबे करंट घेत नाहीत. इंजिन ब्लॉकबाहेर पडलं की मागे चार डबे उभे असूनही ब्लॉक रिकामा दिसतो आणि मागची गाडी येऊन धडकते. निदान शेवटच्या डब्याला धातूची चाकं बसवून त्यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. १५ व्होल्टला दीड मिलिअँपिअर करंट जातो. डिटेक्टर तेवढा ओळखणारा घ्या.

हे करूनही सेन्सर लुकलुकला, तर आधी चाकांवरचं काळं पुट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतरच जेएमआरआयच्या सेन्सर तक्त्यात डिबाउन्सची वेळ (सेन्सर बदलला असं मानण्याआधी थांबायची वेळ) वाढवा.