गिटारवर रेगे संगीताची कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) तुटक वाजत नाही, आवाज लांबत राहतो. काय चुकतंय?

चूक बहुतेक डाव्या हाताची आहे: कॉर्ड वाजताक्षणी पकड ढिली करा, पण बोटं तारांवरून उचलू नका. दाब गेला की तार फ्रेटपासून (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून) सुटते आणि टेकलेली बोटं तिचा आवाज तिथेच मारतात. बोटं पूर्ण उचलली, तर मोकळ्या तारा घुमत राहतात. म्हणूनच इथे बार कॉर्ड हव्यात, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेल्या, एकही तार मोकळी न सोडणाऱ्या. पाचव्या फ्रेटवर ए मायनर धरा आणि फक्त बारीक तीन तारा वरून खाली छेडा. जाड तारांच्या खालच्या स्वरांची जागा बेस गिटारची. तिथे आपली गिटार घुसली की सगळं गढूळ होतं. चारपैकी दुसरी आणि चौथी मात्राच वाजवायची. पहिल्या-तिसऱ्या मात्रेलाही उजवा हात तारांना न लागता हलता ठेवा, नाहीतर पुढचा ठोका घाईने पडतो, आणि रेगेत ते लगेच कानाला खटकतं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) आधी मिनिटाला १०० ठोक्यांवर, मग १४० वर. मात्र तीच लय कोणी ७० ने मोजत असेल, तर हाच ठोका 'एक आणि दोन आणि' यातल्या 'आणि'वर येतो. वाजवायचं तेच, मोजणी तेवढी वेगळी.