इंग्रजीतील 'डू' केव्हा सहायक असते आणि केव्हा मुख्य?

'बी', 'हॅव' आणि 'डू' ही प्राथमिक सहायक क्रियापदे, म्हणजे मुख्य क्रियापदाला मदत करणारी क्रियापदे, मुख्य क्रियापदे म्हणूनही येतात, तर दोन्हींतला फरक कसा ओळखावा, असे आपण विचारले आहे. रूपांचा तक्ता आपल्याला पाठ असेलच. मी मात्र 'डू'पाशी अडलो होतो, म्हणून त्याविषयीच लिहितो.

आठवीत मी एका संवादात 'आय डिड डू द वर्क' असे वाक्य लिहिले. काम न केल्याचा आळ आलेल्या मुलाच्या तोंडी ते होते, म्हणजे 'मी काम केलेच होते'. शिक्षकांनी 'डिड'वर लाल शाईने काट मारून समासात 'एकच क्रियापद दोनदा' असा शेरा लिहिला. पहिला शब्द जोर देण्यासाठी आहे, असे मी उभा राहून सांगितले, तेव्हा 'डू म्हणजे करणे. करणे करणे असे कोणी बोलते का?' असे त्यांनी भर वर्गात विचारले आणि मी निरुत्तर होऊन खाली बसलो.

त्या 'डिड'ला 'करणे' हा अर्थच नाही. मराठीत 'केलेच'मधील 'च' जे काम करतो, तेच इंग्रजीत 'डिड' करते. शिवाय भूतकाळही तेच वाहते, म्हणून पुढचे 'डू' मूळ रूपात राहते. 'डिड यू वेन्ट' चुकते ते याच कारणाने. मराठीत प्रश्नासाठी 'का' पुरतो, त्यामुळे प्रश्नातले 'डू' आपल्याला उपरे वाटते आणि आपण त्याचा अर्थ शोधत बसतो. 'डू म्हणजे करणे' एवढेच घोकून घेणारे शिकवणे माझ्या मते नुकसानकारक आहे.

आता फरक ओळखण्याविषयी. 'आय हॅव अ पेन' यात 'हॅव' मुख्य आहे. 'आय हॅव लॉस्ट अ पेन' यात 'लॉस्ट' मुख्य असून 'हॅव' सहायक आहे. 'बी' मात्र मुख्य असतानाही सहायकासारखेच वागते, म्हणून 'आर यू रेडी' या प्रश्नाला 'डू' लागत नाही. 'येस, आय डू' अशा उत्तरात मुख्य क्रियापद गाळलेले असते, ते आधीच्या प्रश्नातून घ्यावे लागते.

हेही मान्य करतो की, जोर देणारे 'डिड' मुख्यतः शंका किंवा नकार खोडून काढताना शोभते. एरवी 'आय डिड द वर्क' एवढेच लिहावे. माझ्या संवादात मात्र आळ आधीच्याच ओळीत होता, पहिले 'डिड' सहायक होते, दुसरे 'डू' मुख्य होते आणि ती काट चुकीची होती.