मोनोपॉली संपतच नाही!

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरला धरमपेठेत राहतो. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही म्हणून मी, सासूबाई आणि दोन्ही मुलं कूलरसमोर मोनोपॉली मांडून बसतो, पण तीन-तीन तास डाव चालतो आणि धाकटा आउट झाला की रडतो. काय करू?

उत्तर : अगं, आधी सांग, दंडाचे पैसे पटाच्या मधे ठेवून ‘फ्री पार्किंग’च्या घरात येईल त्याला देता का? बहुतेक घरी देतात, पण मूळ नियमात ते नाहीच, पैसे बँकेत जातात, आणि कोणी जागा घेतली नाही तर तिथंच लिलाव करायचा असतो, एवढं पाळलं तरी डाव लवकर आटपतो. पण धाकट्याचं रडू त्यानं थांबणार नाही, कारण त्या खेळात माणसं बाहेर पडतातच. त्याच्यासाठी २००८ चा ‘पॅन्डेमिक’ हा पटावरचा खेळ आणून बघ, दोन ते चार जणांचा आहे, सगळे मिळून रोगांशी लढतात, जिंकले तर सगळे, हरले तरी सगळेच. मला हा फार आवडतो. सासूबाईंना नियम जड वाटले तर धाकट्याला त्यांचा जोडीदार कर. आणि कूलरचं तोंड जरा फिरव बाई, पत्ते उडतात.