पोचा खरा, टक्कर खोटी

वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या त्या जुन्या फोटोत तुम्हाला तीन जखमा दिसल्या: धुराड्याशेजारचा काळा लचका, बॉयलरच्या कुशीतला पोचा आणि पुढच्या गोल दाराच्या तळाशी भाजल्यासारखा फिकट पट्टा. त्यावरून इंजिनाची टक्कर झाली असणार, असं तुम्ही म्हणताय. मला तसं वाटत नाही. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी लचका. फोटो मोठा करून त्याच्या कडेकडेने जा. ती कड धुराड्यावरून थेट मागच्या आकाशात शिरते. इंजिनाला बसलेला मार आकाशाला कसा लागेल? काचेच्या निगेटिव्हवरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर तिथे सुटलाय. थर गेला की काच आरपार, छापताना सगळा उजेड कागदावर, म्हणून काळं. छापताना वर धूळ असती तर उलट पांढरा ठिपका आला असता. असाच एक ओरखडा इंजिनाच्या फ्रेमला गेलेली चीर समजून मी एकदा दोन दिवस डोकं फोडून घेतलंय, त्यामुळे तुम्हाला हसणार नाही.

पोचा मात्र खरा, पण तो बॉयलरला पडलेला नाही. बॉयलरचा स्वतःचा पत्रा सेंटिमीटरभर तरी जाड असतो. त्यावर उष्णता अडवणारं अस्तर, आणि त्याही वर जे आपल्याला दिसतं ते पातळ पत्र्याचं आवरण. शिडी जोरात टेकली तरी ते चेपतं. आणि हँडरेल, म्हणजे बॉयलरच्या कडेने जाणारा धरायचा दांडा बघा ना, ती पोच्याच्या पुढून जाते आणि सुतात सरळ आहे. टक्कर झाली असती तर आधी तीच वाकली असती.

खरी गोष्ट दारात आहे. त्या दारामागच्या, धुराड्याखालच्या कप्प्याला, म्हणजे स्मोकबॉक्सला बॉयलरसारखा दाब सोसावा लागत नाही. सिलिंडरमधून सुटलेली वाफ ब्लास्ट पाइपातून धुराड्यात फेकली जाते, त्याने आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि त्या ओढीनेच भट्टीतले गरम वायू नळ्यांमधून पुढे येतात. सोबत अर्धवट जळालेला कोळशाचा चुरा येतो आणि तळाशी साचतो. आत प्राणवायू फारसा नसतो, म्हणून तो निमूट पडून राहतो. पण दार घट्ट बसलं नाही तर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तो ढीग भात्याने फुंकावा तसा फुलतो. रंग जळतो, पत्रा वाकतो, वाकला की फट आणखी वाढते. शिवाय ओढ कमी पडल्याने वाफ धरत नाही आणि भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून डाग नेमका खाली, जिथे चुरा साचतो तिथेच. शेडमध्ये फावड्याने ती राख काढायची टाळाटाळ झाली की दारावर ती अशी उमटते.

पट्टा गंजाचा असेल, ही शंकाही सोडा. जुन्या प्लेटा, म्हणजे या काचेच्या निगेटिव्ह, तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या. गंज त्यांच्यावर गडद उमटतो, फिकट नाही.

मूळ काच तुमच्याकडे असेल तर ती तिरप्या उजेडात धरा. लचक्याच्या जागी थराची पायरी नुसत्या डोळ्यांनी दिसेल. बोट तेवढं लावू नका, उरलेलाही निघेल.