सर्वांत गरीब घर गटात टिकत का नाही?

प्रश्न : आमच्या गावात बचत गट चांगले चाललेत, पण एकट्या बाया आणि ऊसतोडीला जाणारी घरं चार-सहा महिन्यांत गट सोडतात. ग्रामसंघाकडून (गावातल्या गटांच्या संघाकडून) त्यांना शेळीसाठी कर्ज द्यायचं घाटतंय. उपयोग होईल का?
*ग्रामसंघाच्या अध्यक्षा, बीड जिल्हा*

उत्तर : ताई, या घरांना निदान पहिलं वर्ष कर्ज नको. शेळीचा गर्भकाळ सुमारे 150 दिवसांचा. दोन-तीन महिन्यांची गाभण शेळी आणली तरी ती व्यायला दोन-तीन महिने जातात आणि करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ. म्हणजे हातात पैसा यायला वर्ष होत आलेलं असतं. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात सुरू होतो. मजुरीचा खाडा पडला, पोर आजारी पडलं, की शेळी बाजारात जाते. मग 'त्यांना जनावर सांभाळता येत नाही' असं गाव म्हणतं. हे अन्यायाचं आहे. बाई मेहनतीत कमी पडलेली नसते, हप्त्याची वेळ चुकलेली असते.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 2002 मध्ये अशाच घरांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. जनावर कर्जावर न देता फुकट द्यायचं. ते कमवायला लागेपर्यंत घरखर्चाला थोडी रोख द्यायची. कार्यकर्तीने ठरल्या दिवशी घरी जाऊन जनावर, हिशेब आणि तब्येत पाहायची. सोबत बचतीची सवय लावायची. हे सगळं साधारण दोन वर्षं. याच पद्धतीची सहा देशांत चाचणी झाली, त्यात पश्चिम बंगालमधलाही एक प्रकल्प होता. 2015 मध्ये निष्कर्ष आले : मदत थांबून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी घरांचा खर्च आणि मालमत्ता वाढलेलीच राहिली होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि मिळालेलं निसटलं. बिहारने 2018 पासून जीविका या तिथल्या सरकारी अभियानाच्या बचत गटांमार्फत याच धर्तीवर 'सतत जीविकोपार्जन योजना' चालवली आहे.

तुमच्याकडे सुरुवात निवडीपासून करा. चावडीसमोर जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढा, प्रत्येक घर दाखवा आणि बायकांनाच क्रम लावू द्या. मग यादीतल्या प्रत्येक घरी जाऊन खात्री करा, कारण वजनदार माणसाची भावजय अशा यादीत हमखास शिरते. ही बैठक दिवाळीनंतर घेऊ नका. तेव्हा ऊसतोडीची घरं फडावर असतात आणि नकाशातून गळतात. टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये घ्या.

एक शेळी देऊ नका, दोन द्या. एकच असली आणि ती मेली, तर सगळंच संपतं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस पावसाळ्याआधी टोचलीच पाहिजे, कारण पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर शेळ्या पटापट दगावतात. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस आणि जंतनाशकाचं पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच ठरवा, विमाही उतरवा. घर पुन्हा तोडीला जाणार असेल तर शेळ्यांपाशी कोण राहणार, हे देण्याआधीच विचारा. उत्तर नसेल तर त्या घराला शेळी नको, गावातच बसून करता येईल असा धंदा शोधा. पैशाचा प्रश्न राहतो. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी (अडचणीतल्या घरांसाठी राखलेला पैसा) अशा घरांसाठीच असतो. घरखर्चाची रोख त्यातून ठराव करून बसवता येते का, ते बचत गटांच्या अभियानाच्या तालुका कक्षात विचारा. शेळ्यांसाठी पशुसंवर्धन विभागाच्या योजना पाहा. आणि बचतीचा आकडा या बायांना ठरवू द्या. दहा रुपये असले तरी चालतील, खंड नको.

प्रश्न : फायनान्स कंपनीचा माणूस 12 टक्क्यांनी 40,000 देतो म्हणतो. आमच्या गटाचा दर महिना 2 टक्के आहे. मग कंपनीचं स्वस्त नाही का?
*गटाच्या सदस्य, लातूर*

उत्तर : आधी विचारा, 12 टक्के सपाट की घटत्या शिल्लकेवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच? सपाट असेल तर वर्षाच्या कर्जाला 4,800 व्याज आणि 3,733 चा हप्ता. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र पूर्ण 40,000 वरच लागतं, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापला तर हातात 40,000 येतच नाहीत. गटाकडून तेच कर्ज समान मुद्दलाच्या 12 हप्त्यांत घेतलं तर व्याज 5,200 होतं. चारशे जास्त, पण ते 5,200 गटाच्या पेटीत राहतात आणि त्यात तुमचाही वाटा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार तुम्हाला समजेल अशा भाषेतलं फॅक्टशीट (कर्जाच्या अटींचा कागद) मिळालंच पाहिजे, त्यावर वार्षिक दर असतो. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. असं सूक्ष्म कर्ज (कमी उत्पन्नाच्या घराला दिलेलं विनातारण कर्ज) मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.

प्रश्न : बँक म्हणते, गटाची बचत मुदत ठेवीत ठेवा, मगच कर्ज. बरोबर आहे का?
*गटाच्या सचिव, यवतमाळ*

उत्तर : नाही. गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, बचत खात्यावर बोजा चढवता येत नाही आणि ठेवीचा आग्रहही धरता येत नाही. गट सहा महिने सक्रिय हवा. हे सहा महिने गटाच्या हिशेबाच्या वहीवरून मोजायचे, खातं उघडल्याच्या तारखेपासून नव्हे. गटाची पंचसूत्री, म्हणजे नियमित चालायची पाच कामं, मात्र कागदावर दिसली पाहिजे : बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. बहुतेक प्रकरणं अडतात ती इतिवृत्तावर सह्या नसल्यामुळे, किंवा वही आणि पासबुकातली शिल्लक जुळत नसल्यामुळे. ते आधी नीट करा. मग अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार असेल तर तोही लेखी मागा. प्रत जिल्हा अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय करणारी बँक) व्यवस्थापकांकडे द्या. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.